आधी कोण पडलं?

रोज ठरल्या वेळी बंद पडणारा कॉम्प्रेसर परवडला. मनात येईल तेव्हा पडणारा मिस्त्रीला म्हातारा करतो. सावंतवाडीत राहून वेंगुर्ला-मालवण पट्टीतले बर्फाचे कारखाने सांभाळताना असे बरेच भेटले. पण गेल्या हंगामातला अमोनियाचा एक मोठा रेसिप्रोकेटिंग काही केल्या डोक्यातून जात नाही.

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. ऑगस्ट उजाडला की प्रत्येक ट्रॉलरला बर्फ हवा, आणि नेमका तेव्हाच तो पडायला लागला. कधी पहाटे, कधी भर दुपारी. पुन्हा स्टार्ट दाबला की निमूट चालू. ऑपरेटर शपथेवर सांगे, "मिस्त्री, आयल प्रेशर गेला!" गेजचा काटा शून्यावर येताना त्यानं डोळ्यांनी पाहिला होता, तो खोटं बोलत नव्हता. पण तेलाचा पंप क्रँकशाफ्टवर चालतो. मोटर थांबली की काटा पडणारच. मग आधी कोण पडलं, काटा की मोटर? सगळं घोडं इथंच अडतं.

माझ्याआधी येऊन गेलेल्यांनी तेल बदललं, फिल्टर बदलला, पंपही उतरवला. हल्ली यालाच दुरुस्ती म्हणतात: सामान बदलत जायचं, कधीतरी नेम लागेलच. दुसरी जमात त्याहून वाईट. ती सेफ्टीवर वायरचा तुकडा टाकून शॉर्ट मारते आणि बिल फाडते. उणे ३३ अंशांना उकळणारा अमोनिया पाइपात कोंडलेला असताना हाय प्रेशर कटआउट शॉर्ट करणाऱ्याला मी कारखान्याच्या फाटकातही उभा करणार नाही.

ऑइल स्विच सवड देतो. प्रेशर घसरलं तरी मिनिट-दीड मिनिट थांबून मग तोडतो, आणि एकदा तोडलं की रीसेटचं बटण हातानं दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. इथं तर नुसत्या स्टार्टवर उठत होतं. तेल निर्दोष. ओव्हरलोडही हँड-रीसेटवरच होता, म्हणजे तोही सुटला. लाइनवर संशय घ्यावा, तर तीन फेजच्या व्होल्टेजमधला फरक नगण्य. तो साडेतीन टक्के असता तर मोटरची तापवाढ २५ टक्क्यांच्या आसपास चढली असती.

उरली कंट्रोलची वायरिंग. सगळे सेफ्टी एकाच माळेत ओवलेले. एक मणी क्षणभर निसटला की कॉन्टॅक्टर पडतो, आणि तो पडेपर्यंत मणी परत जागेवर. बंद मशीनवर मीटर लावा, सगळं जुळलेलंच दिसतं.

अशा वेळी माझं हत्यार कान. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पॅनेलच्या पत्र्यावर, मूठ कानाला, आणि कॉन्टॅक्टर पडण्याआधीची कुरकुर टिपायची. या कानावर मी नाव कमावलं. खरं तर माज केला. आता बारीक आवाज त्याला लागत नाहीत. हे मी घरीही बोललेलो नाही.

हाताखालच्या पोरानं मात्र ओळखलं असावं. त्यानं प्रत्येक सेफ्टीला एकेक छोटा होल्डिंग रिले जोडला. कॉन्टॅक्ट डोळा मिटायच्या आत जुळला तरी त्याचा दिवा लागून राहणार, आणि पहिला लागला की बाकीच्यांना अडवणार. "काका, तुमी निजा. रिले जागो रवतलो." मी निजलो नाही. दिव्याच्या आधी आपल्यालाच सापडावं म्हणून हट्टानं कान लावून बसलो.

दिवा लागला तो लो प्रेशर कटआउटचा. सक्शन ठीक होतं, कटआउटही ठीक. त्याच्याकडून पॅनेलला येणारी वायर लवचीक पाइपातल्या पाइपात, आवरणाच्या आत तुटलेली. सगळे सिलिंडर लोडवर आले की पाइप थरथरायचा आणि तुटकी टोकं क्षणभर एकमेकांना सोडायची.

पोराचं कौतुक केलं, पण मालकासमोर नव्हे. रिलेंची ती पेटी आता माझ्या पिशवीत असते. परवा कुडाळच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे काय? "आमची जुनी पद्धत," मी म्हणालो. पोरगा बाजूलाच होता, हसला. हसू दे. त्याला रिले जोडता येतात; गिऱ्हाइकाकडून पैसे काढणं अजून मलाच जमतं.