वरच्या पन्नासातली छाट

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या हायस्कुलात पालक येतात ते प्रवेशाला, दाखल्याला आणि तक्रारीला. "उद्या आईला घेऊन ये" असं मुलीला सांगितलं की घरी आधी तिची झडती होते. दुसऱ्या दिवशी आई हातातलं काम टाकून दारात उभी राहते आणि चप्पल काढता काढता विचारते, "मॅडम, पोरगी काय केली?" पोरीनं काही केलेलं नाही, तुम्हीच नववीच्या वर्गावर एक तास घ्यायचाय, असं मी म्हणायची. ते ऐकून निम्म्या जणी हसायच्या आणि उरलेल्यांना वाटायचं, मॅडम थट्टा करतायत.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत पालकांना मान दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा त्यांच्या आणि समितीत निम्म्या बायका. मूल नववीत गेलं की या कायद्याचा हात सुटतो. उरतो पालक-शिक्षक संघ. त्याच्या सभेत आम्ही बोलायचं, त्यांनी ऐकायचं आणि शेवटी सगळ्यांनी चहा घ्यायचा. आमच्याकडे तर बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, बाजारात सोलापुरी मराठी आणि शाळेत पुस्तकी मराठी. त्या तिसऱ्या भाषेत उभं राहून कोण तोंड उघडणार?

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसान शहरात लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट धरली होती, असं मी वाचलं होतं. त्यांनी शिक्षकांनाच मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या घरी धाडलं. उपदेश करायला नव्हे, तर शेती, बांधकाम, घरगुती औषधं, पैशांचे व्यवहार यांतलं त्या घरांना काय काय ठाऊक आहे ते शिकून यायला. यावर त्यांचा लेख 1992 साली आला. तो वाचून माझ्या डोळ्यांसमोर आल्या त्या दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या आमच्या मुलींच्या आया.

अडचणी मात्र अगदी इथल्या. विडीची मजुरी हजारी. तासभर शाळेत बसलं तर तेवढ्या विड्या कमी. यंत्रमागावरचा बाप बारा तासांच्या पाळीत. आणि सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी दहावीचा निकाल लागला तरी घरातली बाई हलणार नाही. त्यामुळे निरोप धाडण्याआधी मी पहिला प्रश्न विचारते तो, "तुमच्याकडे पाणी कधी?"

पहिलाच तास फसला. आलेल्या वडिलांनी "आमच्या वेळी" असं म्हणून जी सुरुवात केली ती घंटा होईपर्यंत. त्यांचा मुलगा बाकाखाली शिरायचा तेवढा राहिला. तेव्हापासून नियम केला: उपदेश नाही, काम दाखवायचं.

मग विड्या वळणाऱ्या एका आईला बोलावलं, तेव्हा शिक्षकखोलीत कुरबुर झाली. शाळेत तंबाखू? आणि ज्या कामातून मुलींना बाहेर काढायचं तेच वर्गात मिरवायचं? पहिला आक्षेप सोपा होता. ती तंबाखूऐवजी कोंडा घेऊन आली. दुसरा मला अजूनही खरा वाटतो. शाळेतून गेल्यावर आईच्या बाजूला बसून दोरा बांधणाऱ्या मुली माझ्याच वर्गात आहेत. पण ज्या कामावर वह्या-पुस्तकं येतात त्याचं नावही शाळेत काढायचं नाही, हे मला जास्त वाईट वाटतं.

तिनं भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणली होती, पत्र्याचा साचा, कात्री, दोरा. पान कापलं, कोंडा भरला, वळलं, तोंड दुमडलं, दोरा फिरवला. मुलांना ते दिसेपर्यंत दुसरी विडी तयार. मग मी फळ्यावर उदाहरण घातलं. कारखान्यात शेकडा 5 विड्या छाट म्हणून बाजूला निघतात असं धरा. पदरात पुऱ्या 1000 पडायला किती वळाव्या लागतील?

वर्ग एका सुरात म्हणाला, 1050.

"न्हाई," ती सूप आवरता आवरता म्हणाली. "वरच्या पन्नासातबी छाट निघती की."

वर्ग गप्प. मग पुढच्या बाकावरच्या एकानं समीकरण मांडलं: क्ष चे 95 टक्के म्हणजे 1000. उत्तर आलं 1052 आणि वर थोडं, म्हणजे 1053. 1050 वळल्या तर हजार भरतच नाहीत. शेकडेवारीत मुलं नेमकी हीच चूक करतात, मूळ संख्या कोणती तेच विसरतात, आणि मी वर्षानुवर्षं खडू झिजवून ते सांगत आले आहे. तिनं पुढं हेही सांगितलं की वजनावर मिळालेल्या पानांत फाटकी जास्त निघाली तर तूट स्वतःच्या पैशानं पानं आणून भरावी लागते. मुलांनी तोही हिशेब घातला आणि मजुरी किती खाली येते ते बघून एकदोघं हळहळले.

नंतर चादरीच्या मागावरचे एक वडील जॅकार्डचे जुने पुठ्ठे घेऊन आले. भोक असेल तिथं सूत उचलतं, नसेल तिथं खालीच राहतं. असे पुठ्ठे ओळीनं फिरत जातात आणि चादरीवर मोर उतरतो. जोसेफ जॅकार्डनं हे यंत्र फ्रान्समधल्या लिऑनला 1804च्या सुमारास आणलं. त्यावरूनच चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना घेतली, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आम्ही कॉम्प्युटरच चालवलालाव म्हणा की!" 'पप्पा कंपनीत असतात' असं सांगणारा त्यांचा मुलगा त्या दिवशी सगळ्यांच्या हातात पुठ्ठे देत फिरत होता.

याचा गुणांवर काय परिणाम झाला, असं मुख्याध्यापक विचारतात. मला ते मोजता आलेलं नाही. पालकसभेत मात्र फरक पडला. सहामाहीनंतरच्या सभेला ती विडीवाली आई पुढच्या बाकावर येऊन बसली, लेकीचा पेपर उघडला आणि एका गणितावर बोट ठेवून विचारलं, "रीत बरोबर हाय म्हणती ही, मग मार्क का कापलाव?" मी पायरी-पायरीचे गुण समजावून सांगितले. तोवर मागं आपापल्या मुलांचे पेपर घेऊन रांग लागली होती. एकीला अकरावीला कॉमर्स की सायन्स ते विचारायचं होतं, एकीला विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हवा होता. चहा गार झाला, आणि शिपाईमामा कुलूप हातात घेऊन "मॅडम, अजून किती वेळ?" म्हणून दोनदा डोकावून गेले.