कुलूप आणि मुद्रिका

गाणें चोरीस गेलें म्हणजे नेमकें काय गेलें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटण्याचा संभव आहे. चोरानें तांब्याचें घंगाळ नेलें, तर न्हाणीघरांतील त्याची जागा रिकामी दिसते. गाण्याचें तसें नाहीं. एकाच्या दहा नकला झाल्या, दहांच्या हजार झाल्या, तरी मूळ गाणें होतें तेथें असतेंच. मग धन्याचें गेलें तें काय? आमच्या मतें दोन गोष्टी जाऊं शकतात: एक गाण्यापासून मिळणारा पैसा, व दुसरी गाण्यावरचें नांव. पैशाच्या रक्षणासाठीं माणसानें कुलूप शोधून काढलें, आणि नांवाच्या रक्षणासाठीं खूण. हल्लींच्या संगणकाच्या काळांत या दोहोंची फार गल्लत होते व एका रोगावर दुसऱ्याच रोगाचें औषध दिलें जातें. हा भेद आम्हांस गेल्या वर्षीं घरच्याच एका प्रकरणामुळें नीट तपासून पाहावा लागला.

आमचें मूळ घर बीड जिल्ह्यांत, केज तालुक्यांतील युसूफ वडगांव येथें आहे. चार भावांचीं कुटुंबें आतां पुणें, मुंबई व परदेश अशीं पांगलीं असलीं, तरी दिवाळींत तीं वाड्यांत एकत्र येतात. आमच्या थोरल्या काकूंचें वय आज शहाऐंशी आहे. त्यांनीं व त्यांच्या नणंदेनें मिळून म्हटलेलीं मंगळागौरीचीं गाणीं, भूपाळ्या व ओव्या सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. ती फीत विरत चाललेली पाहून आमच्या पुतण्यानें ती संगणकावर घेतली व घरच्या मंडळींसाठीं व्हॉट्सअॅपवर पाठविली. सहा महिन्यांनीं तेंच ध्वनिमुद्रण फिरत फिरत आमच्याच घरीं परत आलें. आरंभीं काकूंनीं आपलें, नणंदेचें व गांवाचें नांव सांगितलें होतें, तेवढा भाग कापलेला होता; आणि एका परक्या गृहस्थांनीं आपल्या घराण्याची परंपरा म्हणून वर स्वतःचें नांव घातलें होतें. खालीं शेंकडों लोकांनीं त्यांस मनापासून धन्यवाद दिलेले होते.

त्या दिवाळींत ओसरीवर मोठी सभा भरली. संगणकाच्या व्यवसायांतील आमचे धाकटे बंधू म्हणाले, "आतां कांहींही बाहेर द्यायचं नाहीं. फाईलला कुलूप घालूं. परवलीचा शब्द घरच्यांनाच ठाऊक राहील." वहिनींचें मत पोलिसांत तक्रार द्यावी असें पडलें. काकू इतका वेळ वाती वळीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, माझं नांव गेलं तर गेलं, मी अजून बसले आहे सांगायला. पण वन्संना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा धड फोटोसुद्धां नाहीं घरांत. त्यांचं नांव त्यांच्या आवाजापाशीं होतं तें तेवढंच. तें परत लावतां येईल का, एवढं बघा." सभेचा सारा रोख त्या बोलण्यानें बदलला. कुलपाची गोष्ट मागें पडली व खुणेची पुढें आली.

खुणेची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. अभंगाच्या शेवटच्या चरणांत संतांनीं आपली नाममुद्रा गुंफली. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा या साऱ्यांनीं हेंच केलें. अभंग कोणीही पाठ करावा, कोणीही उतरून घ्यावा, वाटेल त्या दिंडींत म्हणावा. नांव मात्र चालीच्या व अर्थाच्या आंतच बसविलेलें असल्यामुळें तें बरोबर जाई. ही मुद्राही अभेद्य नव्हती. सतराव्या शतकांत सालोमालो नांवाचे एक गृहस्थ तुकोबांच्या अभंगांतील मुद्रा काढून तेथें स्वतःची घालीत, अशी कथा आहे, आणि सालोमालोंवर रोख असलेले अभंग गाथेंत आहेत. तरीही शेवटीं तुकोबांचेंच नांव राहिलें. कारण ते अभंग इतक्या मुखीं पोंचले होते कीं, एकानें नांव खोडलें तरी शंभर जण तें जागच्या जागीं सांगत. प्रसार हाच तेथें पुरावा ठरला.

कुलपाचा प्रयोगही याच मराठींत झालेला आहे. महानुभाव पंथानें चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पवित्र वचनांत परक्यानें ढवळाढवळ करूं नये हा हेतु त्या धकाधकीच्या काळांत समजण्यासारखा होता, आणि ग्रंथ त्यामुळें जपलेही गेले. परंतु त्याची किंमतही पडली. 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरील वाचकांस जवळजवळ अज्ञात राहिला. लिपीची किल्ली उमगल्यावरच वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदि अभ्यासकांच्या द्वारें त्या वाङ्मयाची ओळख महाराष्ट्रास झाली. कुलपानें चोर दूर राहिले, तसेच वाचकही दूर राहिले.

यंत्रयुगांतही आरंभीं खूणच दिसते. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां शेवटीं त्यांनीं इंग्रजींत आपलें नांव पुकारलें. तबकड्या छापण्याचें काम जर्मनींत हॅनोव्हर येथें होई. तेथील कारागिरांस गाणारें कोण हें कळावें म्हणून ही रीत पडली, असें सांगतात.

संगणकावर मात्र आवाज म्हणजे केवळ आंकड्यांची रांग असते. सीडीवर एका सेकंदांत ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेतलेलें असतें. आंकडे उतरून घेतांना कांहींच झिजत नाहीं. नक्कल मुळाइतकीच चोख होते, आणि म्हणूनच कंपन्या घाबरल्या. त्यांनीं दोन उपाय योजिले. पहिला कुलपाचा: आंकडे गुप्त लिपींत लिहावयाचे व किल्ली ठराविक यंत्रालाच द्यावयाची. यांतील मेख अशी कीं, गाणें ऐकावयाचें तर तें केव्हां तरी उघडावेंच लागतें. आणि जें कानाला ऐकूं आलें, तें शेजारीं ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रालाही ऐकूं येतें. दुसरा उपाय जलचिन्हाचा, ज्यास वॉटरमार्क म्हणतात. नोट उजेडाकडे धरली म्हणजे आंतलें चित्र दिसतें, तसेंच हें. मोठा आवाज चालू असतां त्यालगतचा बारीक आवाज आपल्याला जाणवत नाहीं. त्या आडोशाला आंकड्यांत अतिसूक्ष्म फेरफार करून साऱ्या गाण्यांत खूण पेरतां येते. ऐकणाऱ्याला ती कळत नाहीं, शोधणाऱ्या यंत्राला कळते; आणि आरंभ कापून टाकला तरी उरलेल्या भागांत ती राहते.

कंपन्यांनीं पुढें या खुणेलाच कुलपाचा पहारेकरी करूं पाहिलें. खूण आढळली कीं यंत्रानें गाणें नाकारावें, अशी योजना एसडीएमआय नांवाच्या संघानें आंखली व २००० च्या सप्टेंबरांत खुणा पुसून दाखविण्याचें जाहीर आव्हान दिलें. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन व त्यांचे सहकारी यांनीं त्या थोड्याच दिवसांत पुसून दाखविल्या. त्यांचा निबंध बाहेर पडूं नये म्हणून कायद्याचा धाक घालण्यांत आला; अखेर २००१ च्या ऑगस्टमध्यें तो वाचला गेला. २००५ सालीं सोनी बीएमजी कंपनीच्या सीडी संगणकांत घालतांच एक छुपें कुलूप गिऱ्हाइकाच्या यंत्रांत शिरून बसतें व इतर उपद्व्यापी प्रोग्रॅमांना वाट मोकळी करून देतें, असें उघडकीस आलें. त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. यांत नुकसान झालें तें पैसे मोजून घेणाऱ्यांचें. २००९ सालीं ॲपलच्या दुकानांतील गाण्यांवरचीं कुलपें काढण्यांत आलीं.

यांतून आम्ही एवढेंच घेतों. खूण जेव्हां वाट अडविते, तेव्हां ती पुसावी असें सरळ माणसालाही वाटूं लागतें. ती नुसतें कर्त्याचें नांव सांगते, तेव्हां चोराखेरीज ती कोणासच नकोशी होत नाहीं. घेणाऱ्याचें नांव त्याच्या नकळत खुणेंत भरणें हा मात्र पाळत ठेवण्याचा प्रकार आहे, व तो आम्हांस मान्य नाहीं.

कायद्यानेंही हा भेद ओळखला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन कुलूप फोडण्याविषयीं ६५-ए व नांवाची माहिती जाणूनबुजून काढून टाकण्याविषयीं ६५-बी अशीं दोन वेगळीं कलमें आलीं. दोन्ही अपराधांस दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. शिवाय ३८-बी या कलमानें, गाणें आपण गायिलें आहे हें सांगण्याचा हक्क गाणाऱ्यास दिला आहे.

आमच्यापुढें एक जवळचें उदाहरणही होतें. हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनीं महाराष्ट्रांतील हजारावर गांवांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत आमच्याच जिल्ह्यांतील माजलगांवच्या बायांच्या ओव्याही आहेत. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या सर्वांस खुल्या होत आहेत. तेथें कुलूप नाहीं; परंतु ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांव दिलेलें असतें. जिनें स्वतःच्या ओवींत कधीं मुद्रा घातली नाहीं, तिला ती अशी दुसऱ्यांनीं दिली.

आम्हीं त्या गृहस्थांस पत्र लिहिलें. इंटरनेटवर आलें तें सर्वांचें, असें त्यांचें पहिलें उत्तर आलें. दुसऱ्या पत्राबरोबर पुतण्यानें तो कापलेला आरंभ पाठविला, ज्यांत दोघी हंसत हंसत आपलीं नांवें सांगतात. आठ दिवसांत त्यांनीं स्वतःचें नांव काढून ती दोन्ही नांवें घातलीं. तोंवर निघालेल्या नकला मात्र निनांवीच फिरत राहिल्या. त्यांस उपाय नाहीं. आम्हीं मग संपूर्ण ध्वनिमुद्रण कुलपावांचून सर्वांस खुलें केलें. नांवें आरंभीं ठेवलीं, शेवटींही पुन्हां जोडलीं, व धाकट्या बंधूंनीं मध्यें जलचिन्ह पेरलें. काकूंनीं तें ऐकलें. शेवटीं नणंदेचें नांव आलें, तेव्हां त्यांनीं तेवढेंच पुन्हां लावावयास सांगितलें.

वाचक बंधुभगिनींस आमची विनंती इतकीच आहे. घरांतील वडीलधाऱ्यांचीं गाणीं उतरवून घ्याल तेव्हां गाणारांचें नांव, गांव व साल त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, आणि आरंभाइतकेंच शेवटींही ठेवा. दुसऱ्याचें कांहीं पुढें पाठवितांना त्यावरचें नांव कापूं नका. नांव दिसत नसेल तर कोणाचें आहे तें आधीं विचारा. मुलांना चोरी करूं नये हें आपण लहानपणींच शिकवितों. फुकट मिळालेल्या वस्तूवरचें नांव पुसणें हीही चोरीच आहे, हें त्यांस आतां मोबाईल हातीं देतांना सांगितलें पाहिजे.