थंडीवर पोसणारी झाडं

आंब्याला मोहोर थंडीनं येतो. कर्जत तालुक्यातल्या पोशीरला आमच्या घरामागे रायवळ आंबे होते आणि मार्गशीर्ष लागला की आजी रोज सकाळी पदर डोक्यावर घेऊन त्यांचे शेंडे बघायची. ज्या वर्षी पहाटे शेकोटी सोडवत नसे, त्या वर्षी तिचा चेहरा खुललेला असायचा. थंडीनं दगा दिला की शेंड्याला मोहोराऐवजी तांबूस पालवी फुटे. दिसायला देखणी, पण आजी तिच्याकडे बघून काही न बोलता घरात जायची.

पिस्ता त्या काळी आमच्या घरात कोजागिरीपुरता येई. नेरळहून पुडीतून आणलेला, मोजून दहा-बारा दाणे. आई विळीवर त्यांचे काप करायची आणि पातेलंभर दुधात पसरायची. तो हिरवा रंग वरून दिलेला असणार, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढे नोकरीला नेरळहून लोकलनं मुंबई गाठू लागले, तेव्हा मस्जिद बंदरला दुकानदारानं इराणी पिस्त्याचा दाणा मधोमध कापून दाखवला. आतपर्यंत हिरवा! पानांना जे हरितद्रव्य असतं, तेच त्या बीमध्ये असतं. त्या दिवसापासून हे झाड बघायची ओढ लागली.

ते पोशीरला होणार नाही, हे एव्हाना मला पक्कं ठाऊक आहे. पिस्त्याला हिवाळ्यात सात अंशांच्या खालचे सातशे ते हजार तास लागतात. आमच्याकडे पहाटे कितीही काकडलं तरी दुपारी अंगातला स्वेटर निघतोच. शिवाय कर्जत तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने चिखलात पाय घालून भात उभा राहतो, पण पिस्त्याची मुळं कुजतील. लावायचाच हट्ट धरून एका जिवाचे हाल करावेत, असं मला वाटत नाही.

हे झाड मला भेटलं ते लेकीच्या परसात, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला. तिथे वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर पाऊस पडतो. पोशीरला जुलैतल्या दोन-तीन मुसळधार दिवसांतच तेवढा होतो. उन्हाळा भाजून काढणारा, पण हिवाळ्यात तिथल्या खोऱ्यात दाट धुकं उतरतं आणि दिवसदिवस ऊन झाडापर्यंत पोचू देत नाही. या धुक्यावर पिस्ता पोसतो. तिथलं झाड मूळचं तिथलं नव्हेच. १९२९-३० मध्ये विल्यम व्हाइटहाउस हे अमेरिकी शास्त्रज्ञ इराण फिरून बी घेऊन आले. रफसंजानकडच्या त्या बियांपैकी एका रोपातून ‘करमान’ ही जात निवडली गेली आणि १९५७ मध्ये ती शेतकऱ्यांना मिळाली. लेकीच्या परसातलं झाड या करमानचंच कलम आहे.

पहिल्यांदा मी त्याचं पान चुरडलं आणि चमकले. कैरीच्या देठाचा चीक! आंबा, काजू, चारोळी, बिब्बा आणि पिस्ता ही सगळी एकाच कुळातली, हे वाचलेलं होतं. पण नाकानं दिलेली साक्ष निराळी. सप्टेंबरात घोस उतरवायला आले, तेव्हा लेक म्हणाली, “आई, दाबून बघ.” वरची साल हिरवी सोडून गुलाबी-पिवळट झाली होती. दोन बोटांत दाबताच ती सुटी झाली आणि आतलं पांढरं कवच टोकाला उकललेलं निघालं. दाणा भरत भरत आतून कवच फोडतो, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. साल त्याच दिवशी काढावी लागते, नाहीतर कवचावर डाग पडतात. आम्ही दोघी रात्रीपर्यंत सोलत बसलो. मग पाण्यात टाकून वर तरंगलेले पोचट वेगळे केले. कर्जतकडे भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोल काढतात, ती सवय माझ्या हाताला होतीच. खाली बसलेले तीन-चार दिवस उन्हात वाळवले.

पोचट दाण्यांची गोष्ट मात्र मला अजून छळते. पिस्त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. फुलांना पाकळ्या नाहीत, मध नाही. मधमाशीचा उपयोग नाही, पराग वाऱ्यावरच जायचा. आणि पराग नाही मिळाला तरी मादी झाड फळ धरतं. कवच पुरतं वाढतं, घोस भरगच्च दिसतो, आत काही नसतं. २०१५ मध्ये त्या खोऱ्यात मोठमोठ्या बागांचं हेच झालं. आधीचा हिवाळा उबदार गेला, नर आणि मादीच्या फुलण्याचा मेळ बसला नाही आणि हंगामाला रिकामी कवचं हाती आली. आजीच्या त्या देखण्या पालवीची आठवण मला तेव्हा फार झाली. इकडे कोकणातही मोहोर पुढेमागे होतोय, अवकाळी पावसात गळतोय. थंडी हे या झाडांचं अन्न आहे आणि ते आपण त्यांच्या तोंडचं काढून घेतो आहोत, हे मला फार लागतं. खत-पाणी माणूस घालू शकतो. थंडी कुठून घालणार?

आता एक नवी अडचण आहे. लेकीच्या झाडाला पराग मिळायचा तो कुंपणापलीकडच्या नर झाडाचा. ते घर विकलं गेलं आणि नव्या मालकांनी झाड तोडलं. लेकीचा फोन आला तो रडवेला. तिला म्हटलं, याला उपाय आहे. मादी झाडाच्याच एखाद्या फांदीवर नराचा डोळा भरायचा. परसात एकच झाड असेल तर असं करता येतं. तिथल्या रोपवाटिकेत ‘पीटर्स’ या नर जातीची काडी मिळते. वारा बहुतेक ज्या बाजूनं येतो, ती बाजू बघून फांदी निवडायला सांगितली आहे. आंब्याची कलमं मी आयुष्यभर बांधली आहेत. डोळा भरताना साल किती उचलायची, ते हाताला कळतं. ऑगस्टपर्यंत साल सुटते. पोशीरची लावणी जुलैअखेर आटपली की मी निघणार आहे. चाकू तिथेच घेईन, विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही.