गुहागरच्या स्वयंपाकघरांत

गेल्या वैशाखांत गुहागरास जाण्याचा योग आला. पुण्याहून कराड-पाटणवरून निघालें म्हणजे कुंभार्ली घाट उतरतांच हवा बदलते. चिपळुणापासून पुढें सुमारें ४५ किलोमीटरांवर गांव लागतें. गांवाची रचना मोठी मौजेची आहे. एकच लांबलचक रस्ता, त्याच्या दुतर्फा घरें, आणि पश्चिमेकडील घरांमागें नारळी-पोफळींच्या वाड्या थेट समुद्रापर्यंत. श्रीव्याडेश्वर हें कित्येक चित्पावन घराण्यांचें कुलदैवत. त्याच्या दर्शनाचें निमित्त होतें. पण खरें सांगावयाचें तर, चार दिवस घरापासून दूर जावें, असें आम्हांस वाटत होतें.

कारण लहानसेंच. आमच्या सूनबाई कचेरींत नोकरी करतात, आणि आमच्या कुटुंबाचे गुडघे धरलेले. एके संध्याकाळीं सूनबाईंनीं येतां येतां पोळ्या विकत आणल्या. "ह्या घरांत विकतची पोळी आजवर आली नाहीं," असें म्हणून आम्ही भरल्या ताटावरून उठलों. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं आमचें ताट उचललें, एवढेंच.

गुहागरास आमच्या मामींचें घर आहे. मामी ऐशींच्या पुढें गेल्या आहेत. त्या, त्यांचे चिरंजीव, सून, सुटींत आलेलीं नातवंडें व आम्ही मिळून नऊ पानें होत. घरचें अन्न म्हणजे काय, तें येथें डोळे भरून पाहूं, असें ठरवून आम्ही दुसऱ्या दिवशीं पहाटेच स्वयंपाकघराच्या दाराशीं पाट टाकून बसलों. मास्तरकीची संवय जात नाहीं; हातांत घड्याळ होतेंच.

पांच वाजतां मामी व त्यांची सून कामास लागल्या. बेत साधा: भात, कुळथाचें पिठलें, कच्च्या फणसाच्या गऱ्यांची भाजी आणि आमसुलाचें सार. परंतु एकेका पदार्थाचें मूळ किती मागें जातें, तें पाहा. कुळीथ आधीं भाजावयाचे, भरडावयाचे, टरफलें पाखडून काढावयाचीं, आणि मग त्या डाळीचें पीठ करावयाचें. फणस चिरण्यापूर्वीं हातांस व विळीस खोबरेल लावावें लागतें, नाहीं तर चीक सुटतां सुटत नाहीं. मग कांटेरी साल काढून गरे सोडवावयाचे आणि आठळ्या वेगळ्या ठेवावयाच्या. आमसुलांची हकीकत याहून लांब. रातांबे फोडून सालें निराळीं करावयाचीं, मीठ घातलेल्या त्यांच्याच रसांत बुडवून उन्हांत घालावयाचीं, संध्याकाळीं उचलावयाचीं, आणि हा क्रम कित्येक दिवस चालवावयाचा. त्या वेळीं मामींचें अंगण सालांनीं लाल झालें होतें.

घरांत गॅस आहे, मिक्सरही आहे. पण नऊ वाजतां वीज गेली आणि साऱ्या वाटणाची पाळी पाट्या-वरवंट्यावर आली. साडेअकरास पानें मांडलीं. आम्हीं घड्याळ पाहिलें. साडेसहा तास दोन बायका राबत होत्या, आणि आमचें जेवण वीस मिनिटांत आटोपलें! पिठलें अमृतासारखें झालें होतें. तें सांगावें म्हणून मागें वळलों, तों मामी अजून जेवावयाच्याच होत्या.

"मामी, याला म्हणतात घरचें अन्न!" आम्ही म्हणालों. "आमच्याकडे हल्लीं विकतच्या पोळ्या येतात."

"तुझी सून घरीं किती वाजतां येते रे?"

"सात वाजतात."

"आणि तूं?"

आम्ही तर सेवानिवृत्त; दिवसभर घरींच असतों. आम्हांस उत्तर सुचेना. मामींनीं विळी आमच्यापुढें सरकवली. "रात्रीच्या उसळीला नारळ खवून दे. तांबडें येऊं देऊं नको हो!"

तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लींत अन्नास ब्रह्म म्हटलें आहे, हें आम्हीं वर्गांत किती वेळां तरी सांगितलें असेल. तेथेंच अन्न विपुल करावें, असें व्रतही सांगितलें आहे. परंतु तें व्रत आमच्या घरीं आजवर कोणीं चालविलें, हा प्रश्न त्या विळीवर बसेपर्यंत आमच्या मनांत आला नव्हता.

पुण्यास परतल्यावर त्याच संध्याकाळीं आम्हीं सूनबाईंस म्हटलें, "त्या दिवशीं ताटावरून उठलों, तें आमचें चुकलें." त्या क्षणभर पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "बाबा, बसा. पान वाढतें."

आतां भाजी निवडणें, कडधान्य भिजत घालणें, नारळ खवणें व कुकर लावणें हीं कामें आमच्याकडे आहेत. कणीक चिरंजीव भिजवितात. सूनबाईंस कचेरींत उशीर झाला तर विकतच्या पोळ्या येतात, आणि आम्ही त्या सर्वांबरोबर बसून खातों.

खोबऱ्यांत मात्र अजून तांबडें येतें. मामींस लिहिलेल्या पत्रांत तेवढी गोष्ट आम्हीं कळविलेली नाहीं.