गोदामातलं घर

घराचं गोदाम करायला फारशी अक्कल लागत नाही. लग्नानंतर पंधरा वर्षं काहीही टाकून न देता राहिलं की ते आपोआप होतं. आम्ही मात्र गोदामाचं घर केलं. कुर्डुवाडीत स्टेशनामागचं शेंगांचं जुनं गोदाम स्वस्तात मिळत होतं. "हवेशीर आहे," मी म्हणालो. हिनं वर पाहिलं. पत्र्याच्या भोकांतून आभाळ दिसत होतं. "आहे खरं," ती म्हणाली.

गृहकर्जाच्या नियमात गोदाम बसेना आणि गोदामाच्या कर्जात आम्ही बसेना. बँकेत हरकती काढायचं टेबल नेमकं माझंच! स्वतःच्या अर्जावर सुवाच्य अक्षरात हरकत लिहिली, स्वतःच सही करून घेतली आणि मुकाट्यानं पी.एफ.ला हात घातला.

आढ्याला तुळया म्हणून चक्क रूळ निघाले. बार्शी लाइटचे, असं गवंडी छातीठोकपणे सांगतो. ती अडीच फुटी गाडी 1897 साली इथून बार्शीला सुरू झाली. आमच्या स्टेशनाचं नाव तेव्हा बार्शी रोड. वाराला तीस पौंडांचा रूळ आणि आसामागे पाच टन भार, हे कॅलथ्रॉपसाहेबाचं गणित. झोपाळा टांगायचा म्हणून हे सगळं मी हिला ऐकवलं.

"इंजिनाचं ठीक आहे हो," ती म्हणाली, "पण दिवाळीला वन्सं यायच्यात."

आण्णा मात्र आत पाऊल टाकीनात. तरुणपणी ते याच गोदामात पोती मोजायला होते. रोज संध्याकाळी यायचे, दारातूनच "सिमेंट कमी पडतंय" म्हणायचे आणि परत जायचे.

एके दिवशी रंगाऱ्यानं चुन्याचा पापुद्रा खरवडला आणि खाली गेरूच्या रेघा निघाल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. आण्णा चपला काढून आत आले.

"रेघा माझ्या. खालचा आकडा शेटजींचा."

आकडा होता 72. मी कॉमर्सचा पदवीधर; तीनदा मोजलं. पाच-पाचाचे चौदा गठ्ठे, म्हणजे 70.

"दोन पोती कमी भरली म्हणून पगारातनं कापली होती," आण्णा म्हणाले. "तुझ्या आईलासुद्धा वाटायचं, मीच चुकलो असेन."

रंगारी बादली घेऊन खोळंबला होता. हिनं त्याला समोरची भिंत दाखवली आणि आण्णांसाठी खुर्ची आणायला गेली.