दादरचे पूर्वसूरी

1896 च्या प्लेगनंतर शहरातील दाटी विरळ करण्याच्या तजविजीत ज्याची आखणी झाली, त्या दादर पूर्वेच्या रस्त्यांवरून आज सायंकाळी फिरताना असे वाटले, की सरकारी दप्तरातील नकाशाने या उपनगराला केवळ आकार दिला. प्रतिष्ठा दिली ती येथील रहिवाशांनी. ज्यांच्या नावाच्या रस्त्याने मी चाललो होतो, त्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ याच परिसरात सिद्ध केला. आणि हिंदू कॉलनीत, स्वतःच्या अफाट ग्रंथसंग्रहाला प्रशस्त स्थान मिळावे म्हणून, बाबासाहेब आंबेडकरांनी ‘राजगृह’ उभारले. दादरला केवळ गाडी बदलण्यासाठी उतरणाऱ्यांनी एकदा तरी स्थानकाबाहेर पडून त्या वास्तूपर्यंत पायी जावे.