अब्बांच्या बंदुकीचा रॅक

आमच्या कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची बंदूक असते. अब्बांची दाराआड टेकवलेली असायची. घरात पोरं चालायला लागली, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत मी भिंतीवरचा रॅक करायला घेतला.

लाकूड घरच्याच फणसाचं. दोन उभ्या फळ्या, त्यांना खाचा. दोन्ही खाचा एकाच मापाच्या कापल्या आणि फसलो. दस्ता जाड, नळी बारीक. बंदूक डुलू लागली. अब्बा हसले, "मास्तर, भाषा शिकवता तेच बरं. गणित नको!"

नळीकडची फळी नव्याने कापली. मग ८०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर आणि बेलतेलाचे दोन हात. पिवळं लाकूड उजळलं. खाचांत जुन्या घोंगडीचे तुकडे, पुढून कुलपाची लोखंडी पट्टी.

निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, रॅक रिकामा राहायचा. अब्बा गेल्यावर ती कायमची जमा केली. परवाना माझ्या नावावर करण्याचा अर्ज भरला होता; दिला नाही.

यंदा डुकरांनी निम्मं भात लोळवलं. अम्मी म्हणाली, "तुझ्या अब्बांनी असं होऊ दिलं नसतं." खरंच आहे. रिकाम्या रॅकला मी अजून दरवर्षी तेल लावतो.